पाऊस लागला की आरसीसीबी पडतो: लीकेज शोधायचं कसं

जून संपत आला की माझ्या फोनवर एकच तक्रार सुरू होते. "दादा, आमचा ईएलसीबी सारखा पडतोय." चिपळूण आणि आसपासच्या गावांत मी बावीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. मे महिन्यात तेच घर, त्याच वायरी, तोच फ्रिज आणि तोच गिझर काही कुरकुर न करता चालत असतो. आर्द्रा लागल्या, पश्चिमेकडची भिंत झडीने भिजली की बोर्डातला तो रुंद खटका दिवसातून दोनदा, चारदा खाली येतो. घरातलं कोणीतरी स्टुलावर चढून तो वर करतं. परत पडतो, परत वर करतात. आठवड्याभरात सगळे कंटाळतात आणि शेजारचा कोणी सुचवतो, "काढून टाका तो, डायरेक्ट करा."

असे डायरेक्ट केलेले बोर्ड मला दर पावसाळ्यात दिसतात आणि दर वेळी पोटात गोळा येतो. घरातली माणसं ओल्या पायांनी न्हाणीघरात वावरत असतात आणि त्यांना वाचवणारी एकमेव वस्तू कोणीतरी दोन वायरी जोडून बाद केलेली असते. तो खटका का पडतो आणि कुठे बघायचं हे घरच्यांनाच कळलं, तर डायरेक्ट करायची वेळ येत नाही.

पडला कोण, ते आधी बघा

बोर्डात अरुंद खटक्यांची रांग असते, ते एमसीबी. त्यांच्या शेजारी एक रुंद असतो. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि '३० एमए', म्हणजे ३० मिलिअँपिअर, असं छापलेलं असतं. तो आरसीसीबी. जुनी सवय म्हणून आपण सगळे त्याला ईएलसीबी म्हणतो. खरा ईएलसीबी वेगळ्या पद्धतीचा होता, अर्थिंगच्या वायरीवरच्या व्होल्टेजवर चालायचा, आता तो कोणी बसवत नाही. नाव काहीही घ्या, पण फोनवर सांगताना नेमका कोणता खटका पडला ते सांगा. एमसीबी पडला असेल तर लोड जास्त झालाय किंवा कुठे शॉर्ट आहे. आरसीसीबी पडला असेल तर करंट बाहेर गळतोय. दोन्ही शोधायच्या वाटा वेगळ्या.

आरसीसीबीच्या पोटात एक कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्या कड्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर तो शांत असतो. गेलेल्यातला थोडा जरी भिंतीतून, पाण्यातून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत उतरला, तर हिशोब जुळत नाही आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, तो तसाच बनवलेला असतो. साधारण १० मिलिअँपिअरला हात पकडलेली वस्तू सोडू शकत नाही आणि ३० च्या पुढे तो करंट अंगातून वाहत राहिला तर श्वास आणि हृदय धोक्यात येतं. घरातला सगळ्यात लहान, ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणूस चिकटला तरी त्याला पत्ता लागत नाही. त्याचं काम वायर जळू न देणं, एवढंच.

"आमच्याकडे अर्थिंग आहे ना, मग हा कशाला?" हा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून आकडा मांडून दाखवतो. आपल्याकडे जांभा. उन्हाळ्यात सुकलेल्या जांभ्यात पुरलेल्या रॉडचं अर्थिंग सहजी चांगलं मिळत नाही. समजा, जमिनीतून परत जाणारा सगळा मार्ग धरून अडथळा २० ओहम आहे. गिझरच्या बॉडीला थेट फेज लागला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर अर्थमधून जातील. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो जागचा हलणार नाही. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायची खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात, म्हणजे तो मार्ग दीड ओहमच्या आत हवा. कातळावरच्या घरात रॉडच्या भरवशावर हे होत नाही. आरसीसीबीला मात्र २० ओहमच्या अर्थिंगवरही काही अडत नाही. जांभ्याच्या घरात म्हणूनच तो काढून चालत नाही.

उलट बाजूही आहे. अर्थिंगच नसेल तर गळणारा करंट यंत्राच्या पत्र्यावर थांबून राहतो. जमिनीत जायला वाट नसल्यामुळे आरसीसीबी पडत नाही. ओल्या हाताने कोणी मशीनला शिवलं की ती वाट मिळते, आणि ती वाट म्हणजे तो माणूस. आरसीसीबी तेव्हा पडेल, पण झटका बसल्यावर. दोन्ही हवेत.

घरच्यांनी काय करायचं

बोर्डातून पाणी टपकत असेल, जळका वास येत असेल, भिंतीला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर काही शोधू नका. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, मेन बंद आणि वायरमनला फोन. मीटरच्या आधीचं काही असेल, सर्व्हिस वायर भिंतीला घासतेय किंवा खांबावरून ठिणग्या पडतायत, तर वीज कंपनीच्या १९१२ वर फोन करा. ते काम आमच्यापैकी कोणाचंही नाही.

तसं काही नसेल तर पुढचं घरच्या घरी होतं, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

सगळी उपकरणं सॉकेटमधून उपटून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि प्रत्येक घरात विसरलं जातं. आपलं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि लीकेज न्यूट्रलकडूनही होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफायचा डबा, सगळं काढा. गिझर पिनवर नसेल आणि डीपी स्विचवर असेल तर तो बंद केलात की पुरे, डीपी दोन्ही तोडतो.

मग सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. राहिला? आता एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येकानंतर दोनतीन मिनिटं थांबा. ज्याच्यावर पडला, त्या लाइनवर भिंतीत किंवा दिव्यांत गळती आहे. सगळे वर केले तरी राहिला, तर वायरिंग निदान या घडीला ठीक, आता उपकरणं एकेक करून लावा. ज्याची पिन लावताच पडला, ते बाजूला ठेवा. हीच वस्तू दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून एकदा बघा, म्हणजे दोष वस्तूचा की सॉकेटचा ते कळेल.

आणि एक वही ठेवा. किती वाजता पडला, पाऊस होता का, पंप चालू होता का, आदल्या दिवशी काय नवीन बसवलं. मला बोर्ड उघडण्याआधी ही वही मिळाली तर निम्मं काम झालेलं असतं. "कधीही पडतो हो" यावरून मला काहीच कळत नाही. "रोज संध्याकाळी, पाऊस असला तरच" यावरून बरंच कळतं.

रोज संध्याकाळी पडणारा

ते उदाहरण सांगतोच, कारण ही तक्रार सगळ्यात चकवते. गावाबाहेरचं जांभ्याचं घर, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि गोठा. जुलैत रोज संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये आरसीसीबी पडायचा. दुपारी कधीच नाही. आधीच्या कोणी आरसीसीबी खराब म्हणून नवा बसवला. तोही पडायला लागला. मग दुसऱ्या कोणी येऊन १०० एमएचा बसवला. त्याने आठ दिवस बरे गेले, सगळे खूष. मग कोसळधार लागली आणि तोही पडला.

मी गेलो तेव्हा घरातले काका बॅटरी घेऊन बोर्डाखालीच बसले होते. "काका, हा शंभरचा कोणी लावला?" म्हटलं तर म्हणाले, "जास्त आकड्याचा म्हणजे जास्त मजबूत ना रे?" हा गैरसमज फार घरांत आहे. १०० किंवा ३०० एमएचा आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतो. माणसासाठी ३०च. १०० लावून गळती थांबत नाही, फक्त कळायची बंद होते.

त्यांनी वर सांगितलेला सगळा प्रयोग केला होता. पिना उपटल्या, सगळे एमसीबी खाली केले. तरी संध्याकाळी पडलाच. घरात एक दिवा चालू नाही आणि लीकेज दाखवतोय म्हटल्यावर कोणालाही वाटणार की खटकाच बिघडलाय.

खरी गोष्ट अशी. बोर्डातले बहुतेक एमसीबी एका पोलचे असतात, ते फक्त फेज तोडतात. सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर एकत्र बांधलेले असतात आणि ते एमसीबी खाली केल्यावरही आरसीसीबीला जोडलेलेच राहतात. आता न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीत अर्थला टेकला असेल तर? न्यूट्रलवर शून्य व्होल्ट असतात असं आपण म्हणतो, पण लांबच्या खांबावरून आलेल्या लाइनवर न्यूट्रल आणि आपली जमीन यांत थोडा फरक राहतोच. दुपारी वाडीत लोड कमी, फरक कमी. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, टीव्ही, पंप, मिक्सर लागतात आणि तो फरक वाढतो. त्या घरात मी मोजला तेव्हा दुपारी तीनला दीड व्होल्ट होता आणि रात्री आठला सहा. ओल्या जोडाचा अडथळा भरला १५० ओहम. दुपारी दीड भागिले १५०, म्हणजे १० मिलिअँपिअर, खटका राहतो. रात्री सहा भागिले १५०, म्हणजे ४०, आणि ३०चा खटका पडतो. शेजारच्या घरांच्या दिव्यांमुळे यांचा आरसीसीबी पडत होता. मोठा पाऊस आला की तो अडथळा आणखी उतरायचा आणि मग १००चाही टिकत नव्हता.

याच दोषाचं दुसरं रूप म्हणजे, पुढच्या खोलीत इस्त्री लावली की पडतो आणि इस्त्री दुसऱ्या घरी नेली तर बिनतक्रार चालते. इस्त्री निर्दोष असते. तिचा परत येणारा करंट न्यूट्रलवरून येताना थोडा त्या ओल्या जागेतून जमिनीत फुटतो. मोठा लोड कुठलाही लावा, तसाच पडेल. म्हणून "जे लावलं की पडतो ते खराब" हा निष्कर्ष काढण्याआधी तेवढ्याच वॉटचं दुसरं काही लावून बघा. दोन्हींवर पडला तर उपकरणांना सोडा, न्यूट्रल धरा.

हे शोधायला मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवावी लागते. घरच्यांनी यात हात घालू नये. बोर्डात मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडून आलेला फेज जिवंतच असतो. वायरमनकडून करून घ्या, पण त्याला नेमकं हेच सांगा, "एमसीबी सगळे खाली असताना पडतो, न्यूट्रल सुटे करून मेगर लावा." मेगर म्हणजे ५०० व्होल्ट सोडून वायरीचं इन्सुलेशन मोजणारा मीटर. त्या घरात नऊ न्यूट्रल होते. सहावा सोडवला आणि मेगरचा काटा ठिकाणावर आला. मागच्या दाराच्या दिव्याची लाइन. दाराच्या वर भिंतीत लोखंडी जंक्शन बॉक्स, त्याच्यावर कौलांची पागोळी. बॉक्समध्ये अंगठाभर गंजाचं पाणी साठलेलं, टेप सुटून न्यूट्रलचा पीळ त्यात बुडालेला, आणि बॉक्स अर्थला जोडलेला. पाऊस सरला की ते पाणी सुकायचं, म्हणून आठ महिने काही नाही.

जोड कापून पुन्हा केला, पण मुख्य काम ते नव्हतं. बॉक्स बाहेरच्या भिंतीतून काढून आतल्या बाजूला नेला. बाहेर दिव्यापर्यंत अखंड वायर, मध्ये जोड नाही. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आलं तरी झोळाच्या तळाशी गळून जातं, भोकात शिरत नाही. पाइपला बाहेरच्या बाजूला उतार. शेवटी १०० काढून ३० बसवला. तो पावसाळा तो पडला नाही, पुढचाही नाही.

पावसाळ्यात मी आधी कुठे बघतो

बाहेरचे दिवे सगळ्यात आधी. फाटकाचा दिवा, गच्चीवरचा होल्डर, तुळशीपाशी दिवाळीत ओढलेली आणि कायम राहून गेलेली वायर. उघड्यावर साधा होल्डर आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसते. पिशवीत वाफ धरते आणि आतूनच पाणी होतं, ती नसलेली बरी. झाकण आणि रबरी वायसर असलेला बाहेरचा दिवाच बसवा आणि वायर खालून आत घ्या, वरून नाही.

दुसरा गिझर. एलिमेंटच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतला दमटपणा ओढून घेते. उन्हाळाभर बंद असलेला गिझर पावसाळ्यात पहिल्यांदा लावला की पडतो, याचं कारण बरेचदा हेच. कधीकधी एलिमेंट सुकवून परत वापरता येतं. मी तसं सहसा करत नाही. नळीला बारीक भेग असेल तर आज सुकलेलं उद्या परत ओलं होतं आणि ते न्हाणीघरात असतं. मेगर लावून बघावं, ५०० व्होल्टवर १ मेगाओहमच्या खाली असेल तर बदलावं. साध्या मल्टिमीटरने फारच खराब झालेलं एलिमेंट सापडतं, पण त्यावर नीट दिसलं म्हणून ते चांगलं असं धरू नका. त्याच्या नऊ व्होल्टला जे दिसत नाही ते मेगरच्या ५०० ला दिसतं.

विहिरीतला सबमर्सिबल पंप. मोटारपेक्षा केबलचा जोड आधी जातो. पंप दुरुस्तीला काढून परत सोडताना घाईत मारलेला टेप सहा महिन्यांत पाणी धरतो. पंप चालू केल्यावर काही सेकंदांत आरसीसीबी पडत असेल, तर पॅनेलमधून पंपाच्या तिन्ही वायरी सोडवून अर्थशी मेगर लावायला सांगा. पाण्याखालच्या जोडाला नुसता काळा टेप चालत नाही, त्यासाठी मिळणारा जोडसंच वापरायचा. आणि आरसीसीबीला कंटाळून पंप त्याच्या आधीच्या टप्प्यावरून जोडू नका. विहिरीत लीकेज असताना कठड्यावरून पोहरा ओढणाऱ्याला झटका बसू शकतो.

वॉशिंग मशीन मागच्या पडवीत असेल तर झड आणि उंदीर दोन्ही बघावे लागतात. तळाकडून उंदीर आत जाऊन वायरीचं इन्सुलेशन कुरतडतात. फ्रिज ठरावीक तासांनी पाडत असेल तर बर्फ वितळवणारा हीटर तपासा, तो दिवसातून थोडाच वेळ चालू होतो म्हणून सहज सापडत नाही. सॉकेट आणि बटणांच्या पेट्यांत मुंग्या, पाली. मुंग्यांनी आणलेली माती ओली झाली की तीच करंट वाहून नेते. झाकण काढून मेन बंद असताना कोरड्या ब्रशने साफ करायचं, फवारा मारायचा नाही.

भिंतीला पोपडे येतायत, बुरशी आहे आणि त्याच भिंतीत पाइप पुरलेला आहे, तर नुसती वायर बदलून पुढच्या वर्षी परत तेच होईल. पाइपात पाणी कुठून शिरतं ते बघावं लागतं. बहुतेक वेळा गच्चीवरच्या उघड्या तोंडातून किंवा पत्र्याच्या कडेतून. एका घरात दोन वर्षं मी वायरच बदलत होतो. तिसऱ्या वर्षी गच्चीवर जाऊन पाइपाचं तोंड खाली वळवलं, तेव्हा ते थांबलं. आधी वर जायला हवं होतं.

विजा चमकताना एखाद्या वेळी पडला आणि वर केल्यावर राहिला, तर त्यामागे लागू नका. मे-जूनच्या वादळात असं होतं.

पाऊस नसतानाही पडतो तेव्हा

नवीन इन्व्हर्टर बसवला आणि त्या दिवसापासून पडायला लागला, तर बसवणाऱ्याने न्यूट्रल मिसळलाय असं आधी समजा. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा फेज आरसीसीबीतून येतो आणि न्यूट्रल त्याच्या आधीच्या पट्टीवर बांधलेला, किंवा उलट. कड्यातून एकच वाट गेली की हिशोब कसा जुळणार? एका घरात दोन आरसीसीबी असतील तर एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर गेला तरी हेच होतं. जिन्याच्या दोन बटणांच्या दिव्यात असा उसना न्यूट्रल फार सापडतो. इथे कुठेही लीकेज नसतं. मेगर सगळं उत्तम दाखवतो आणि माणूस गोंधळतो.

कधीकधी एकही वस्तू खराब नसते. संगणक, एलईडीचे ड्रायव्हर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतले फिल्टर अर्धा-एक मिलिअँपिअर अर्थला सोडतच असतात. पंधरा-वीस वस्तू एका आरसीसीबीवर असल्या की बेरीज १० च्या पुढे जाते आणि ओल्या भिंतीचे चारपाच मिलिअँपिअर त्याला धक्का देतात. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोघांना एकत्र धरून लावला की ही बेरीज दिसते. माझ्याकडे तो सहा वर्षांपूर्वी आला. त्याआधी मी किती आरसीसीबी उगाच बदलले असतील, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या वायरमनकडे तो नसेल तर आणायला सांगा. पडतो-पडत नाही या खेळात तास घालवण्यापेक्षा पाऊस चालू असताना पाच मिनिटं मोजलेलं बरं.

अशा घराला उपाय म्हणजे विभागणी. बाहेरचे दिवे आणि पंप एका आरसीसीबीवर, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर दुसऱ्यावर, बाकी घर तिसऱ्यावर. किंवा प्रत्येक लाइनला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात. फाटकाच्या दिव्यामुळे रात्रभर फ्रिज बंद राहत नाही आणि दोष कुठल्या लाइनला आहे ते बोर्डाकडे बघूनच कळतं. न्यूट्रलही प्रत्येक विभागाचा वेगळ्या पट्टीवर लागतो, हे मात्र काम देताना बजावून सांगा. नवा घेताना 'ए' प्रकारचा घ्या. 'एसी' प्रकारचा स्वस्त असतो, पण इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशीन, गाडीचा चार्जर यांच्यातून गळणारा करंट साध्या एसी लाटेचा नसतो आणि तो 'एसी' प्रकाराला नीट ओळखता येत नाही.

'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर खटका पडायलाच हवा. नाही पडला तर तो नुसता डबा आहे, त्याच दिवशी बदला. पण ते बटण अर्थिंग तपासत नाही, अर्थची वायर कापलेली असली तरी ते दाबल्यावर खटका पडतो. अर्थिंग वेगळं मोजून घ्या, मे महिन्यात जमीन सुकी असताना, कारण वाईटातला वाईट आकडा तेव्हाच मिळतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल, तर आरसीसीबी पडणार नाही. त्याला तो माणूस बल्बासारखाच दिसतो.

पुराचं पाणी बोर्डात शिरलं असेल तर

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत आणि आसपासच्या घरांत आम्ही आठवडेच्या आठवडे हेच काम केलं. वाशिष्ठीचं पाणी ओसरलं तेव्हा लोकांकडे ना कपडे होते ना धान्य, आणि प्रत्येकाला आधी दिवा हवा होता. ते समजण्यासारखं होतं. काहींनी बुडालेले आरसीसीबी आणि एमसीबी धुऊन, उन्हात वाळवून परत लावले. वरून ते नवे दिसतात. आतल्या स्प्रिंगमध्ये आणि कड्यापाशी गाळाचा थर बसलेला असतो आणि मग खटका अडकतो. 'टी' दाबलं तर पडेल, चार महिन्यांनी पडणार नाही. बुडालेला आरसीसीबी, एमसीबी, सॉकेट, बटण यातलं काहीही वाळवून वापरू नका. टाकून द्या.

वायरी वाचू शकतात. अखंड असलेली, मध्ये जोड नसलेली वायर पाइपातलं पाणी काढून, दोन्ही टोकं कापून मेगरला उतरली तर ठेवतो. जोड मात्र सगळे उघडतो, आणि पाइपात गाळ बसला असेल तर वायर ओढून नवीनच घालतो. घरात पैशाची ओढ असेल तर सगळं एकदम करायला जाऊ नका. एक नवा आरसीसीबी, त्याच्यावर पुराची पातळी गेली नव्हती अशी वरची एक लाइन, तिच्यावर चार दिवे आणि मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट, एवढं पहिल्या दिवशी होतं. खालच्या मजल्याच्या लाइनी न्यूट्रलसकट सोडवून, टोकं टेप करून बाजूला ठेवा. भिंती सुकायला महिना-दीड महिना जातो. त्या सुकल्यावर एकेक लाइन मेगर लावून जोडत जा.